फ्रिजमधला अंधार

“घालवा की तो दिवा!”

सेटवर पाऊल ठेवताच आमच्या कॅमेरामनचं पहिलं वाक्य हे. चहा, नमस्कार वगैरे नंतर. कोल्हापुरात शूटिंगची व्यवस्था पाहताना मला बरेच कॅमेरामन भेटले. बाकीचे दिवे मागवायचे, हे परत पाठवायचे. भाडं वाचल्याने मी खूश असायची, पण पडद्यावर काही दिसेल की नाही म्हणून निर्मात्याला धडकी भरायची.

मूळचे पेठ वडगावचे. आवाज बाजारात बोली लावल्यासारखा. मला ‘मॅनेजरबाई’ म्हणत. एकदा चहाच्या सुट्टीत मी विचारलं, “दिव्याने एवढं काय होतं हो?”

त्यांनी मोबाइलची बॅटरी माझ्या हनुवटीखाली धरली आणि सगळ्यांना हाक मारली, “या, बघा! मॅनेजरबाई खून करून आल्यात!” मग तोच उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर टाकला. “आता बघा. लेकीला सासरी धाडून आल्यात.”

मी तर चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलवली नव्हती.

“आणि आवाजाने?”

“भुताचा पिक्चर आवाज बंद करून बघा. भूतच घाबरलेलं दिसतंय.”

घरी मी ते खरंच करून पाहिलं. तुम्हीही पाहा. पांढऱ्या साडीतली ती भयंकर बाई माझ्या टीव्हीवर जिन्यात हरवलेलं काहीतरी शोधत होती.

पुढे शाहूवाडीकडच्या एका घरात आम्ही सिनेमा करत होतो. आईचं काम करणाऱ्या बाई बऱ्याच वर्षांनी पडद्यावर परतत होत्या. लोक आपल्याला विसरले, ही त्यांची धास्ती. एका प्रसंगात आईला फोनवर मुलगा गेल्याचं कळतं आणि ती काही न बोलता दूध काढायला फ्रिज उघडते. कॅमेरामननी खिडक्यांना काळं कापड लावलं. चेहऱ्यावर उजेड फक्त फ्रिजच्या आतल्या दिव्याचा.

“एवढाच?” बाई म्हणाल्या. “माझा चेहरा दिसला नाही तर मी आले कशाला?”

“दिसतोय की! तालमीत बघितला न्हवं?”

तालमीत दिसला होता. पण टेकच्या आधी साउंडवाल्याने सवयीने फ्रिज बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. जाताना पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून स्वतःच्या गाडीच्या किल्ल्या आत ठेवल्या. त्या लोकांची ही नेहमीची युक्ती. फ्रिज बंद म्हणजे आतला दिवाही बंद, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

बाईंनी दार उघडलं. अंधार. कापडाच्या फटीतून आलेल्या उजेडात नुसता खांदा दिसत होता. हात दुधाची पिशवी चाचपडत राहिला आणि किल्ल्या खणखणल्या. बाईंनी श्वास आत घेतला, तो बाहेर आलाच नाही. ‘कट’ म्हणायला दिग्दर्शकाला फार उशीर लागला.

“दिवा कुणी घालवला?” कॅमेरामन साउंडवाल्यावर धावून गेले.

“घ्या! रोज घालवा घालवा म्हणून कोण वरडतंय?”

दिवा लावून दुसरा टेक घेतला. चेहरा स्वच्छ, डोळ्यांत पाणी अगदी वेळेवर. तरुण दिग्दर्शकाला ठरवता येईना. कॅमेरामननी बाईंच्या कानांना हेडफोन लावला आणि दोन्ही टेक दाखवले. “चेहरा तुमचा हाय. कुठला ठेवायचा तुमीच सांगा.”

बाईंनी पहिला पुन्हा पाहिला. “हाच,” म्हणाल्या आणि खोलीत निघून गेल्या. जेवायलाही आल्या नाहीत. दिसायला आलेल्या बाईने न दिसणं का निवडलं, हे मला तेव्हा उमगलं नाही.

सिनेमा लागायच्या आतच कॅमेरामन गेले. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

कोल्हापुरातल्या पहिल्या खेळाला मी बाईंच्या शेजारी होते. तो प्रसंग जवळ आला तशा त्या खुर्चीत ताठ झाल्या. पडद्यावर फ्रिजचं दार उघडलं. अंधार. किल्ल्या वाजल्या.

“लाइट गेली काय ओ?” मागून एक जण ओरडला.

“गप बसा की!” त्याची बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. “पोरगं गेलंय तिचं. तोंड बघा की कसं झालंय.”

पडद्यावर तोंड नव्हतंच. बाई मागे वळल्या आणि प्रसंग संपेपर्यंत त्या अनोळखी बाईकडे पाहत राहिल्या.