बोटांना सुट्टी

त्यांना सगळी गल्ली बाइंडरबाई म्हणायची. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. तिथे एक अवजड लोखंडी प्रेस, सुया, मेण लावलेला दोरा आणि खळीचं भांडं. खिळखिळं झालेलं पुस्तक त्या खोलीत जायचं आणि धडधाकट होऊन बाहेर पडायचं. उभी हयात बाईंनी हेच केलं.

परदेशातल्या एका ग्रंथालयाला जुनी पुस्तकं दुरुस्त करणारं माणूस हवं होतं. बाईंनी अर्ज केला, कॅमेऱ्यासमोर एक पुस्तक उसवून पुन्हा शिवून दाखवलं आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांना नोकरी लागली. नवरा बस चालवून निवृत्त झालेला. बातमी ऐकून तो म्हणाला, "आयुष्यभर मी लोकांना नेलं. आता तू मला ने."

मग दोघांची धावपळ सुरू झाली. लग्नाचा दाखला काढून झाला, दात तपासून झाले, जुन्या कपाटाला गिऱ्हाईक मिळालं. फ्रिज खालच्या मजल्यावरच्या जावेला द्यायचं ठरलं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं आणि व्हिसाच्या ऑफिसात गाडी अडली. नवऱ्याच्या बोटांचे ठसे एका दमात उमटले. बाईंनी मात्र दहाही बोटं दाबून पाहिली, तरी मशीन ढिम्म.

"तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत," खिडकीतली मुलगी म्हणाली. "काम काय करता?"

"पुस्तकं बांधते."

"कागदाने झिजल्यात. हातांना आराम द्या. भांडी नको, साबण नको, कागद तर नकोच. रोज ग्लिसरीन लावा आणि तीनेक आठवड्यांनी या. रेषा परत येतात."

बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. त्यांना हातावर हात ठेवून बसणं ठाऊकच नव्हतं. पण नवऱ्याने त्याच संध्याकाळी सुती हातमोजे आणले आणि स्वतः बाह्या सरसावून मोरीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी जाऊ फ्रिज न्यायला वर आली आणि दारातच थबकली. "भाऊजी, तुम्ही भांडी घासताय?"

"सरकारी काम आहे," तो मान वर न करता म्हणाला.

बॅगाही त्यानेच भरल्या. बाई खुर्चीत बसून नुसता तोंडाचा पट्टा चालवत होत्या. "सुया हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत. स्वेटर गुंडाळू नका हो, घडी घाला." बॅग उचलून तो वजनकाट्यावर उभा राहिला. मग बॅग खाली ठेवून नुसता उभा राहिला, आणि आकड्याकडे बघतच राहिला.

"काय झालं? बॅग जड झाली?"

"बॅग बरोबर आहे. मीच जड झालोय."

बाई इतक्या हसल्या की हातमोज्यानेच डोळे पुसावे लागले.

दुपारी मात्र वेळ खायला उठायचा. एक दिवस त्याने सहज विचारलं, "दुकानात पडलेल्या या पुस्तकांत आहे तरी काय?"

"मला काय माहीत? मी पाठीकडून बघते, पोटात कुठे शिरले?"

मग तो रोज दुपारी वाचून दाखवायला लागला. गोष्टीतलं माणूस मेलं तरी याचा आवाज पुढचा थांबा सांगितल्यासारखा एकसुरी. पण बाईंचा जीव त्यात असा रमला, की तो पाणी प्यायला उठला तरी त्या करवादायच्या, "आधी ती घरी पोचली का ते सांगा." त्याला एरवी बोलायची हौस नव्हती. आता मात्र रात्री जेवताना दोघं त्या गोष्टीतल्या सुनेवरून तावातावाने भांडत.

तीन आठवडे कसे सरले ते कळलंही नाही. त्या दिवशी ऑफिसात नऊ बोटं बिनबोभाट उमटली. डाव्या अंगठ्याने तेवढे आढेवेढे घेतले. मुलीने तो हलकेच दाबून धरला आणि दिवा हिरवा झाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. परतताना त्यांनी हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि रस्ताभर नवऱ्याचा हात धरून चालल्या. वर त्याला म्हणाल्या, "खरखरीत झालेत की हो तुमचे."

पुढे व्हिसाही आला. निघायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या गल्लीतला बाइंडर प्रेस न्यायला टेम्पो घेऊन आला. चौघांनी मिळून ते धूड उचललं. बाईंनी त्याच्या चाकावरून एकदा हात फिरवला. "दर आठवड्याला तेल घाला. डावीकडे थोडं अडतं, जबरदस्ती करू नका," एवढंच त्या म्हणाल्या. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत खिडकीत उभ्या राहिल्या आणि मग खोली झाडायला घेतली.

नव्या देशात पोचले तेव्हा तिथे भर सकाळ होती, दोघांच्या अंगात मात्र अजून रात्र. भाड्याच्या घराच्या खिडकीला पडदा नव्हता. ऊन थेट गादीवर येत होतं. नवरा चादर टांगायला खिळा शोधत राहिला, तोवर बाई त्याच उन्हात आडव्या होऊन झोपूनही गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सावली पडावी म्हणून त्याने मोठी बॅग खिडकीत उभी केली आणि शेजारी अंग टाकलं.