सात फुटांचा गार्ड

भारताच्या युवा बास्केटबॉल संघाचा मॅनेजर म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. हा संघ इंटरनेटवरच्या एका खेळात होता. त्या खेळात जगभरातले लोक आपापला क्लब चालवतात. खेळाडू संगणकाने तयार केलेले असतात. त्यांना उंची असते, वय असतं, कौशल्यांचे आकडे असतात. क्लबचा मालक सराव ठरवतो, पाच जणांना जागा नेमून देतो आणि सामना आपोआप खेळला जातो. सामना सुरू झाल्यावर मालकाला बघण्याखेरीज काही करता येत नाही.

प्रत्येक देशाचा एक युवा संघ असतो आणि त्याचा मॅनेजर त्या देशातले मालक मतदानाने निवडतात. पूर्वी भारतात या निवडणुकीला पाच-सहा उमेदवार असायचे, जाहीरनामे निघायचे, भांडणं व्हायची. माझ्या वेळेपर्यंत नियमित लॉगिन करणारे मालक शंभराच्या आत आले होते. अर्ज एकच आला. मतदान तरीही झालं, कारण नियम तसा होता. अकरा मतं पडली. त्यातलं एक माझं.

मॅनेजरकडे स्वतःचा एकही खेळाडू नसतो. प्रत्येक खेळाडू कुणाच्या तरी क्लबचा असतो आणि त्याला काय शिकवायचं हे तो मालक ठरवतो. मॅनेजरने फक्त विनंती करायची. मी नाशिकच्या एका दैनिकात ग्रामीण पानांच्या डेस्कवर उपसंपादक होतो. ड्यूटी दुपारी तीनला सुरू व्हायची. सकाळी दहा ते बारा या वेळेत जेल रोडच्या घरी बसून मी विनंतीची पत्रं लिहायचो. बहुतेकांना उत्तर येत नसे. पुण्याच्या एका मालकाने कळवलं की तो आता फक्त सवयीने लॉगिन करतो, संघ कोण आहे हे त्याला आठवत नाही. सहा आठवडे लॉगिन केलं नाही की क्लब बंद होतो. माझ्या यादीतले चार खेळाडू पहिल्याच महिन्यात असे गेले.

उरलेल्यांत कामाचा खेळाडू एकच होता. वय वीस, उंची सात फूट, जागा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा. त्याचा क्लब मनमाडचा होता. मी मालकाला ‘आदरणीय सर’ असं लिहून दीड पानाचं पत्र पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: सर नाही, मॅडम. आणि पत्र लांब आहे, मुद्दा सांगा.

मुद्दा असा होता. मोठ्या देशांच्या सेंटरना पास देता येतो, बाहेर येऊन अडवता येतं. आमच्या सेंटरला नुसती उंची होती. हे शिकवायचं तर त्याला दर आठवड्याला एक पूर्ण सामना गार्डच्या जागी, म्हणजे चेंडू आणणाऱ्याच्या जागी, खेळवावं लागतं. सात फुटांचा माणूस ते फार सावकाश शिकतो. तोपर्यंत तो चेंडू घालवतो आणि क्लब हरतो. मी दोन हंगाम मागितले. खेळातला हंगाम साडेतीन महिन्यांचा असतो.

क्लबचं काय होईल, असं त्यांनी विचारलं. खाली जाईल, असं मी लिहिलं. चौथ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीपर्यंत यायला त्यांना सात वर्षं लागली होती. तीन दिवस काही आलं नाही. मग भारत अंतिम फेरीत शेवटचा कधी होता, असा प्रश्न आला. मी जुन्या नोंदी काढल्या आणि कळवलं की भारताने पात्रता फेरी कधीच ओलांडलेली नाही.

“ठीक आहे,” त्यांनी लिहिलं. “दोन हंगाम देते. त्यानंतर पोरगं माझं.”

मनमाड स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात त्या कामाला होत्या. वय पन्नासच्या पुढे. पुढे फोनवर बोलणं होऊ लागलं तेव्हा कळलं, की शाळेत असताना त्या खरोखरचं बास्केटबॉल खेळल्या होत्या, जिल्ह्याच्या संघात दोन वर्षं होत्या. दोन्ही वर्षं बाकड्यावर. मैदानात एकदाही उतरले नाही, जर्सी मात्र दर वेळी धुवावी लागायची, असं त्या सांगायच्या. या खेळात त्या कशा आल्या ते मी विचारलं नाही. मी त्यांना ताई म्हणू लागलो. त्या मला कोच म्हणायच्या, आणि त्यात आदर नसायचा.

क्लब हरू लागला. दर सामन्यानंतर त्यांचा मेसेज यायचा. पोराने आज अकरा वेळा चेंडू समोरच्याच्या हातात दिला, कोच, दानशूर आहे तुमचा पोरगा. आज त्याला पाच फूट दहाच्या माणसाने पळवला, धाप लागली बिचाऱ्याला. ऑफिसातला एक सहकारी रोज सकाळी विचारतो, मॅडम, आज पण पडलात का. त्याला खेळातलं काही कळत नाही, चेहरा बघून कळतं म्हणतो. मेसेजच्या खाली सरावाचा आकडा असायचा. आकडा तीन-तीन आठवडे हलायचा नाही.

पहिला हंगाम संपला तेव्हा क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. त्या दिवशी मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, त्यात फक्त आकडा होता. तो एकाने वाढला होता.

दुसऱ्या हंगामात खेळाडू एकवीस वर्षांचा झाला. या खेळात सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी, हंगाम बदलताना येतात. एकवीस वर्षांचा असेपर्यंत खेळाडू युवा संघात चालतो, बाविसावा वाढदिवस आला की बाहेर. म्हणजे त्याच्याकडे हा एकच हंगाम होता. पात्रता फेरी मध्यावर, अंतिम फेरी शेवटच्या आठवड्यांत. इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं आणि माझा सगळा आराखडा त्यावर बेतलेला होता.

पात्रता फेरीचा शेवटचा सामना भारताने चार गुणांनी जिंकला. आमचा सेंटर बास्केटपासून लांब येऊन पास देत होता आणि समोरच्या संघाला त्याला कुणी अडवायचं ते ठरवता आलं नाही. भारत अंतिम फेरीत गेला. खेळाच्या चर्चेच्या मंचावर सात जणांनी अभिनंदन केलं. ताईंचा मेसेज आला, की ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून तिथल्यांनी विचारलं तेव्हा भाचा पास झाला असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टोनियाच्या मॅनेजरचं पत्र आलं. त्यांचा संघ आमच्याच गटात होता आणि बाहेर पडला होता. त्याने अभिनंदन करून सहज विचारलं होतं, अंतिम फेरीत सेंटरच्या जागी कुणाला खेळवणार.

मला प्रश्न समजला नाही. मी खेळाच्या सूचनांचं पान उघडलं आणि मागे गेलो. सूचना एका वर्षाच्या आतली होती. नवे जर्सीचे रंग, सामना बघण्याची नवी सोय, मंचावरची भाषा, अशी ती सुरू होत होती. सहा परिच्छेद होते. सहाव्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य असं, की पुढच्या स्पर्धेपासून युवा संघांची अंतिम फेरी नव्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात होईल आणि वय सामन्याच्या दिवशीचं धरलं जाईल.

ही सूचना मी तेव्हा उघडली होती. वरचे दोन परिच्छेद वाचल्याचं मला आठवत होतं. डेस्कवर आलेली बातमी जागेत बसली नाही की खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, शेवटच्या परिच्छेदात सत्काराची नावं आणि आभार असतात. एकोणीस वर्षं मी रोज हे करत होतो. डोळे तिसऱ्या परिच्छेदाला आपोआप थांबतात. सूचनेखाली तारीख होती. मनमाडला पहिलं पत्र पाठवलं त्याच्या नऊ दिवस आधीची.

फोनवर सांगता आलं असतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी नाशिकरोडहून गाडी पकडली आणि तासाभरात मनमाडला उतरलो. ताईंना आधी कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं मी अभिनंदनाला येतोय. पार्सल ऑफिसात गोणपाटात गुंडाळलेल्या मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. त्यांनी चहा आधीच मागवून ठेवला होता.

“बसा कोच. फोटोत बारीक दिसता,” त्या म्हणाल्या. “पण लवकर बोला. आज पाणी आहे. साडेबाराला नळ येतो, घरी कुणी नाही.”

मी सूचनेची छापील प्रत पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली बोट फिरवत त्या सहाही परिच्छेद वाचत गेल्या. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं. ते त्यांनी पुन्हा वाचलं.

“म्हणजे पोरगं बसत नाही.”

“नाही. चार दिवसांनी चुकतंय.”

“ही नोटीस माझ्याकडे मागितलंत त्याच्या आधीची का नंतरची?”

“आधीची. नऊ दिवस.”

“तुम्ही पेपरात आहात ना?”

मी हो म्हणालो. खालून कापण्याबद्दलही सांगितलं. सांगताना ते कारण वाटण्याऐवजी कामाची पद्धत समजावल्यासारखं वाटत होतं, म्हणून मध्येच थांबलो. त्या ऐकत होत्या.

“इथं मी पावती खालपर्यंत वाचली नाही ना, तर नाशिकची मोटारसायकल बिहारात दानापूरला जाते,” त्या म्हणाल्या. “आणि माणूस इथं काउंटरवर येऊन माझ्या नावानं ओरडतो.” त्यांनी कागदाची घडी घातली. “तुमच्यावर ओरडायला कुठं यायचं, तेवढं सांगा.”

मी आलोय, असं म्हणालो. चहावर साय धरली होती.

तेवढ्यात तो रोज चेहरा बघून विचारणारा सहकारी आत आला. माझ्याकडे बघून त्याने ताईंना विचारलं, “हे भाच्याचे सर का?”

“हो,” ताई म्हणाल्या.

त्याने माझा हात हातात घेतला. पोरं हल्ली अभ्यासच करत नाहीत, तुमच्यासारखे मागे लागणारे पाहिजेत, पेढे छान होते, असं बरंच बोलला. मी आभार मानले. तो मोटारसायकलींच्या चिठ्ठ्या तपासून बाहेर गेला.

ताई दाराकडे बघत होत्या. “मी पेढे कशाचे वाटले हो?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली आणि नळाची वेळ झाली म्हणून निघाल्या. कागद टेबलावरच राहिला. परतीच्या गाडीला दीड तास होता. मी फलाटावर बसलो.

हंगाम बदलला त्या शुक्रवारी खेळाडू बावीस वर्षांचा झाला. माझ्या यादीतून त्याचं नाव आपोआप गेलं. मंगळवारी अंतिम फेरी सुरू झाली. त्याच्या जागी सहा फूट सातचा खेळाडू उभा करावा लागला. त्याच्यापेक्षा उंच कुणी नव्हता. भारत गटातले तिन्ही सामने हरला, सगळ्यात कमी फरक चाळीसचा होता. मी तिन्ही सामन्यांचे अहवाल मंचावर लिहिले. एका अहवालाखाली एक प्रतिक्रिया आली, की फॉन्ट लहान दिसतोय.

ताईंचा क्लब तिसऱ्या श्रेणीतही तळाला होता. काही आठवडे त्या सामने लावत होत्या. फोन केला तेव्हा साध्या आवाजात बोलल्या. पोराला परत सेंटरला घालून बघितलं, पण त्याला आता तिथं उभं राहता येत नाही. दोन हंगामांत त्याच्या वयाचे बाकीचे सेंटर पुढे गेले. आणि गार्ड म्हणून तो कधीच पुरा झाला नव्हता. हे त्या हवामान सांगावं तसं सांगत होत्या.

मग त्यांच्या पानावरची शेवटच्या लॉगिनची तारीख पुढे सरकेनाशी झाली. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. मॅनेजर म्हणून त्यांच्याकडे मागावं असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, तरी चौथ्या आठवड्यात मी फोन केला. क्लब बंद पडेल, एकदा फक्त लॉगिन करा, असं म्हणालो.

“राग नाही हो कोच,” त्या म्हणाल्या. “सवय गेली.”

पासवर्ड द्या, तुम्ही परत येईपर्यंत मी सांभाळतो, असं मी सुचवलं. ते नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं.

“नको. तुम्ही परत गार्डला घालाल,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. नंतर फलाटावर गाडीची घोषणा सुरू झाली आणि काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा फोन केला नाही.

सहावा आठवडा संपला त्या दिवशी क्लबच्या पानावरून मालकाचा रकाना गेला. हंगाम संपेपर्यंत असा क्लब संगणक चालवतो, नंतर पुसून टाकतो. मालकाने कुणाला काय शिकवलं हे संगणक बघत नाही, खेळाडूंना उंचीने उभं करतो. पहिल्याच सामन्यात त्याने सात फुटांच्या खेळाडूला सेंटरला लावलं. सामना सकाळी अकराला होता. क्लब एकतीस गुणांनी हरला. सामना किती जण बघत आहेत हा आकडा पानाच्या कोपऱ्यात दिसतो. तो एक होता.