आम्ही खोटं लिहायचं नाही म्हणे

"कुठून उतरवलीस?" सरांनी विचारलं.

भर सभागृहात. जिल्ह्याच्या शहरातलं, राजारामपुरीतलं सभागृह, वर पंखे, समोर जिल्ह्यातल्या शाळांमधून आलेली पोरं, मागच्या रांगांत शहरातल्या पोरांचे आईबाप. मी नववीत होते. इचलकरंजीहून एसटीनं आले होते, शाळेनं पाठवलं म्हणून. विद्यार्थ्यांसाठी कथालेखनाचं शिबिर होतं. सकाळी शिबिर घेणारे सर म्हणाले होते, मनात येईल ती गोष्ट लिहा. मला वाटलं, मनात येईल ती म्हणजे मनात येईल ती.

मी एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट लिहिली. त्यांच्या औषधानं अख्खं गाव बरं होतं. इतकं बरं की कुणाला साधं पडसंही होईना. दवाखाना ओस पडतो, आणि मग करमत नाही म्हणून बाई स्वतःच आजारी पडतात. आता त्यांना तपासायचं कुणी? एवढीच गोष्ट. लिहिताना मला इतकं हसू येत होतं की शेजारची पोरगी सारखी वळून बघत होती.

"उतरवली न्हाय सर. मीच लिवलीया."

"डॉक्टरांचं घर कधी आतून बघितलंस का तू?"

मी मान हलवली. नाही.

"आई कामाला जाते का कुणा डॉक्टरांकडे?"

हशा पिकला. मी सांगितलं, आई कांड्या भरते. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात, ती. सरांचा चेहरा एकदम उजळला.

"हे बघ. हे लिही. जे जगलीस ते लिही. वडील काय करतात?"

"मागावर हायत."

"पितात का?"

"न्हाय."

"मारतात?"

"न्हाय सर."

सर वैतागले. "मग तुझ्याकडे लिहायला आहे काय?"

माझा बाप सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. पाळीवरून आला की हातपाय धुऊन आईला भाकरी करू लागायचा. त्यानं चांगलं वागून माझं नुकसान केलं होतं. बाप पीत नाही म्हणून पोरगी नापास.

माझ्यानंतर शेजारच्या पोरीनं गोष्ट वाचली. ती राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरांची मुलगी. तिच्या गोष्टीत एका माग कामगाराचं पोर उपाशी मरतं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. तू माग कधी बघितलास का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिचे वडील काय पितात याची चौकशी झाली नाही. पोरगी वाईट नव्हती. जेवायच्या सुट्टीत तिनं मला तिच्या डब्यातली शंकरपाळी दिली. तिला फक्त मुभा होती. ती माझ्या घरात शिरली, ती कल्पनाशक्ती. मी तिच्या घरात शिरले, ती चोरी.

दुपारी मला आईच्या कांड्यांवर लिहायला बसवलं. मी कोरा कागद पुढ्यात घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले. बंड वगैरे काही नव्हतं ते. मला लाज वाटत होती, कशाची ते कळत नव्हतं. घरी आल्यावर बापानं विचारलं, "काय लिवलंस ग?" मी म्हणाले, "काय न्हाय." पुढं कितीतरी वर्षं माझं हेच उत्तर होतं. राग यायला फार वेळ लागला, आणि आला तोही दुसऱ्यांच्या पोरांमुळं.

आता मी राजारामपुरीतच एका क्लासमध्ये दहावीचं मराठी शिकवते. रविवारी इचलकरंजीला जाते. एका संस्थेनं तिथं खोली दिली होती, माग कामगारांच्या पोरांना गोष्टी लिहायला शिकवा म्हणून. आठवी ते दहावीची पोरं. पहिल्या रविवारी मी म्हटलं, कुठलीही गोष्ट लिहा. लगेच माना खाली घालून लिहायला लागली. मला कौतुक वाटलं.

मग वाचायला घेतल्या. प्रत्येक गोष्टीत बाप दारुडा. प्रत्येक गोष्टीत आई मेलेली, नाहीतर मरायला टेकलेली. एका बहाद्दरानं तर आई, आजी आणि शेळी एकाच पानात संपवली होती.

"तुझा बाप पितो व्हय रे?"

"न्हाय बाई. च्या पितो."

"मग हे काय?"

"असंच लिवायचं असतंय की. बक्षीस त्यालाच मिळतंय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या संस्थेच्या दरवर्षीच्या स्पर्धेत दोन गट असतात. एक कल्पनेचा, एक जीवनानुभवाचा. कुणी कुठं जायचं असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण शहरातल्या मोठ्या शाळांची पोरं पहिल्या गटात जातात आणि आमची दुसऱ्या. शिक्षकच तशी नावं देतात. एका बापानं पोराला परवानगीच दिली होती, "मला काय बी कर, पण बक्षीस आण."

मला हसू आलं आणि मग रडूच फुटलं. पोरांपुढंच. मला प्रश्न तरी विचारले होते. ह्या पोरांनी न विचारताच उत्तरं पाठ केली होती.

"ऐका," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी अशा घरात शिरायचं, जिथं तुम्हाला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. आत काय हाय ते तुम्ही ठरवायचं. कुणाला विचारायचं न्हाय."

"म्हंजे खोटं लिवायचं?"

"व्हय. झ्याक खोटं. आत जो भेटंल त्याला काय पायजे, आणि ते त्याला का मिळंना, एवढं शोधायचं. आणि मरण बंद. शेळीसुद्धा मारायची न्हाय."

सोपं गेलं नाही. पोरं बंगल्याच्या दारापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. फाटक, कुत्रा, पाटी, संपलं. "आत काय आसंल बाई?" "तुला काय ठेवायचंय?" हे कितीतरी रविवार चाललं. मग एकानं आमदाराच्या घरात एक असा पोपट ठेवला जो खरं बोलतो. त्यावर सगळी हसली, आणि मग फाटकं भराभर उघडायला लागली.

आरतीची गोष्ट त्यातूनच आली. आरती दहावीत, तिची आईही कांड्या भरते. तिच्या गोष्टीत एक जजबाई आहेत. दिवसभर कोर्टात धडाधड निकाल देतात, आणि घरी आल्यावर भाजी कुठली करायची ते त्यांना ठरवता येत नाही. शेवटी त्या मंडईत जाऊन भाजीवालीपुढं हात जोडून उभ्या राहतात आणि निकाल मागतात. भाजीवाली त्यांना तारीख देते. पुढच्या मंगळवारी या म्हणते.

मी ती गोष्ट कल्पनेच्या गटात पाठवली. स्वतः जाऊन दिली. काही दिवसांनी संस्थेच्या मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मऊ बोलणाऱ्या बाई. चहा दिला.

"कथा गोड आहे हो. पण परीक्षकांना ती तिची वाटत नाही. आईच्या कष्टांवर लिहायला सांगा ना तिला. जीवनानुभवात पहिलं बक्षीस तिचंच. न्यायाधीशांचं घर तिनं कुठं बघितलंय?"

माझ्या अंगाची आग झाली. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न, बशीत बिस्किटं ठेवून.

"शहरातल्या पोरांनी आमचे माग कुठं बघितलेत, मॅडम? त्यांची बक्षिसं काढून घेणार काय?"

"तुम्ही विषय भलतीकडे नेताय."

"न्हाय. मी तो जाग्यावर आणतीया."

"खोली आमची आहे, एवढं लक्षात ठेवा," त्या तितक्याच मऊपणे म्हणाल्या.

बक्षीस आरतीचं होतं, म्हणून तिला विचारायला तिच्या घरी गेले. सगळं सांगितलं. दहावीच्या पोरीला पहिलं बक्षीस नको असतं असं नाही. तिनं एकदा आईकडं बघितलं. मग म्हणाली, "आईला त्यात घालू नका बाई. जजबाईच ऱ्हाऊ द्या."

तिची आई कांड्या भरत होती. तिनं मान वर केली नाही. "माझ्या कांड्या बघतंय की सगळं गाव. ती बाई शेवटी भाजी कुठली करती, ते सांग."

"अजून तारीख हाय," आरती म्हणाली.

मी मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगितलं. गोष्ट स्पर्धेतून बाद झाली. पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं. आता आम्ही मागाच्या सुट्टीच्या दिवशी एका शेडमध्ये बसतो, बंद मागांच्या मधल्या गल्लीत. पोरं कमी झालेली नाहीत.

हे सगळं खरं आहे. म्हणूनच हे तुम्हाला आवडेल, हे मला ठाऊक आहे. कुणीतरी डोळेही टिपेल. आमच्या तोंडून तुम्हाला एवढंच ऐकायचं असतं. म्हणून हे एकदाच लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही. माझं दुःख आता तुम्हाला वाचायला मिळणार नाही, माझ्या पोरांचंही नाही. ती तुमच्या बंगल्यात येतील, तुमच्या दवाखान्यात, कोर्टात, देवघरात. तिथं तुम्ही कसे वागता ते ती ठरवतील. तुम्हाला खरं वाटो न वाटो.