बांधावरची रोगी ओळ

प्रभावतीला 'विसर आता' म्हणणारे पुष्कळ भेटले. तिने एकाचंही ऐकलं नाही, आणि बरंच केलं म्हणा! नवरा गेला त्याच पावसाळ्यात तिच्या भातावर करपा पडला. पानांवर तांबूस ठिपके, मग कणसांच्या माना काळ्या, आत नुसती फोलपटं. पेडण्यात हा रोग काही नवा नाही. पण तिचा धाकटा दीर गोकुळदास देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनीचो हातच वायट. पयलीं भाव गेलो, आतां शेत."

झालं! चतुर्थीच्या सुमारास नव्याचा सण असतो, तेव्हा त्यांच्या घराण्याच्या शेतातली पहिली कणसं देवाला जातात. तो मान तिच्या शेताचा होता, तो गोकुळदासाने आपल्याकडे ओढला. गाव गप्प बसलं.

पोटासाठी ती बियाणे केंद्रावर रोजंदारीला लागली. तिथे भाताचा संकर शिकली. फूल उमलायच्या आत चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी घालायची, मग दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकायचा. घरच्या शेतात तिने तेच आरंभलं. खारं पाणी सोसणारं गावचं कोरगूट एकीकडे, करपा न लागणारं, केंद्रातून मागून आणलेलं वाण दुसरीकडे. पुढे दरवर्षी पेरायचं, निवडायचं, बाकीचं गुरांना घालायचं. लोक म्हणाले, बाई खुळावली. तिला काय त्याचं! तिला गोकुळदासाचं नाक कापायचं होतं.

आता गंमत बघा. टिकणारं रोप ओळखायचं तर आधी रोग यायला हवा. म्हणून केंद्रावर वाफ्याभोवती चटकन आजारी पडणारं भात मुद्दाम लावतात. त्याला रोगी ओळ म्हणायचं. प्रभावतीनेही लावली. पण कुठे? नेमकी गोकुळदासाच्या बांधाला चिकटून, वारा त्याच्या शेताकडे जातो तिथे! वर युरियाही सढळ हाताने फेकला, म्हणजे रोग चांगला माजावा.

यंदा पावसाची झड सुटेना आणि करपा असा माजला की बघवेना. तिच्या निवडलेल्या भातावर एखादा ठिपका उमटे आणि तिथेच वाळून जाई. गोकुळदासाचं शेत मात्र उभं जळालं. ती रोज बांधावर जाऊन ते डोळे भरून बघायची. सुख व्हायचं तिला, खोटं कशाला बोला?

नव्याच्या आदल्या दिवशी गोकुळदास मान खाली घालून तिच्या अंगणात आला.

"वैनी, देवाक कणसां जाय. ना जाल्यार घराण्याचो मान वतलो."

"तुज्या शेतांत नात?"

"माज्या शेताक दिश्ट लागली गो."

"दिश्ट कसली रे? करपो हांवें लायलो. बांदार ओळ केली ती तुज्याच खातीर."

रागाने त्याची कानशिलं लाल झाली. पण बोंब मारणार कशी? गावाला सांगावं, तर रोग वाऱ्याने आला हे आपल्याच तोंडाने कबूल करावं लागणार, आणि इतकी वर्षं विधवा बाईच्या हाताला लावलेला बोल खोटा पडणार. शिवाय कणसं तिच्याच शेतात. शेवटी तो आर्जवाने पुटपुटला, "दितलें मगे, वैनी?"

"हांव कापतलें, देवळांत हांवच व्हरतलें," ती म्हणाली. "तूं फाटल्यान छत्री धर."

दुसऱ्या दिवशी भर पावसात कणसांची जुडी डोक्यावर घेऊन ती निघाली. मागून गोकुळदास, हातात छत्री. देऊळ तसं जवळच होतं. तिने वाट घेतली ती अख्ख्या गावाला वळसा घालून जाणारी.