वजरी खाणारा माणूस

आमच्या घराचा मागचा कूड फुटला होता. कारवीच्या काड्यांवर लिंपलेली माती पावसानं सुटली की वारा आत शिरायचा आणि आई चुलीला पाठ लावून बसायची. आबा माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायचे. पावसाळ्यात हॉटेल बंद, म्हणजे पगारही बंद. असल्याच एका जूनमध्ये ते डोंगर उतरून आले तेव्हा खांद्यावर एक मोठं चित्र होतं, गुंडाळी केलेलं. हॉटेलच्या जेवणघरात ते काचेत लावलेलं असायचं. काच फुटली, मालकानं टाकून दिलं.

आबांनी भोकाला गोणपाट लावलं आणि वरून चित्र ठोकलं. लाल गालांचा एक माणूस पिवळा, भोकाभोकांचा तुकडा दातांत धरून हसत होता. खाली ठळक दोन ओळी.

"वजरी खातोय," आई म्हणाली. टाचा घासायची आमची वजरी तशीच होती.

"मालक म्हनायचा, हे दगडावर काढून छापलंय."

"मग बरोबर हाय. दगडावरचा मानूस दगडच खानार."

मला त्या गालांचं नवल वाटायचं. जवळ गेलं की लाल रंग बारीक ठिपक्यांत फुटायचा, मागं सरलं की पुन्हा गाल. दगड खाणाऱ्या माणसासाठी एवढी मेहनत कोण घेतं? आणि असलं चित्र काचेत कोण लावतं?

आबांना वेगळंच हवं होतं. मी कशेळ्याच्या शाळेत होते, इंग्रजी सुरू होऊन तीन वर्षं झालेली.

"वाच गं, काय लिवलंय."

अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही.

"इंग्रजीच हाय ना?"

"दिसतंय तसंच."

"मग तीन वर्सं काय केलंस? बास झाली शाळा. आईसंगं लावणीला जा."

ते चेष्टेत बोलत नव्हते. मी रडत दोन्ही ओळी वहीत उतरवल्या आणि गुरुजींना तरी विचारा म्हणाले. सकाळी आबा वही घेऊन थेट वर्गात.

गुरुजींनी वही पाहिली, लांब धरली, जवळ धरली.

"मला येत नाही," ते म्हणाले. "अक्षरं इंग्रजीची, भाषा दुसरी. फ्रेंच असावी. हिंदीची नि आपली अक्षरं एकच असतात, तसं."

आबांनी वही परत घेतली. "तुमालाच येत नाय, तर पोरीला कुठनं येनार." मग माझ्याकडं वळून, "बस गं खाली. शीक."

गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर ते कबूल केलं नसतं, तर माझी शाळा त्याच दिवशी सुटली असती.

पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात फ्रेंचचा शब्दकोश सापडला. वहीचं पान मी जपलं होतं. एकेक शब्द लावण्यात दुपार गेली.

"आबा, ती वजरी नाय. चीज हाय, दुधाचं करतात. 'रोज थोडं, सगळ्यांसाठी' असं लिवलंय."

"दुधाचं, तर भोकं कशाला?" आईनं विचारलं.

"ते कोशात नव्हतं."

आबा उठून चित्रापाशी गेले. खालच्या ओळी तोवर वाळवीनं खाल्ल्या होत्या. गाल तेवढे शाबूत होते.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली, आणि वाडीतही.