अकरा दारांचे फोटो

दारात उभं राहून मामा आधी खोकायचे, मग विचारायचे, "हाय का कोणी?" आतून आवाज आला की मोबाईल काढायचे आणि माणसाचा नाही, दाराचा फोटो घ्यायचे. खाली दोनच शब्द लिहायचे: उघडं हाय.

वालूरच्या आमच्या गल्लीत एकट्या म्हाताऱ्या माणसांची अकरा घरं होती. लेकरं पुण्याला. त्यांच्यासाठी गल्लीच्या मंडळानं व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि रोज सकाळी फिरायचं काम मामांनी मागून घेतलं. उभी हयात त्यांनी मेंढरं राखलेली. मेंढरं विकली, पण सकाळी काहीतरी मोजल्याशिवाय चहा गोड लागत नाही म्हणायचे.

चेहरा का दाखवत नाही, असं मी एकदा विचारलं. "मदत घेणाऱ्याचं तोंड कशाला गावभर फिरवायचं? लेकराला आपलं दार वळखू येतं."

मामाही एकटेच राहायचे. पण यादी त्यांचीच, त्यात त्यांचं घर नव्हतं. ते आमच्या कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मंडळाला तो ग्रुप मी काढून दिलेला. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, परभणीत नोकरी करते, आणि त्याचा मला अभिमान आहे. मामा मला 'बीएबाई' म्हणायचे.

फोटो आले की पोरं विचारायची, मामा, आईनं गोळी घेतली का? मामा, चहा झाला का? गोळीचं उत्तर एका शब्दात यायचं. चहाचं मात्र मामा बोलून पाठवायचे, दूध कोणाच्या म्हशीचं इथपासून.

पुढे फुलं, सुविचार, वाढदिवसाचे केक येऊ लागले. असे ग्रुप तुम्हीही पाहिले असतील. त्या गर्दीत दारं सापडेनात. मी नियम केला: ग्रुपवर फक्त मामांनी आणि मी लिहायचं. लय शिस्त आली.

आठ दिवसांनी मामांचा फोन आला. "बीएबाई, समदे मुके झाले की. चहा बी कोणी विचारीना."

मी समजावलं, ग्रुप कामासाठी आहे.

मामा म्हणाले, "खरं हाय. काम तर व्हायलंय."

एका मंगळवारी फोटो आले नाहीत. मला वाटलं, नेट गेलं असेल. पुण्यातल्या पोरांनाही चुकल्यासारखं झालं, पण लिहायची सोय मीच बंद केलेली. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं फोन केला असेल. बुधवारी अकरातली एक आजी काठी टेकत मामांच्या घरी गेली. दोन दिवस खोकला ऐकू आला नाही, एवढंच ती म्हणाली. दार आतून लावलेलं होतं. गल्लीतल्यांनी कडी तोडली, तेव्हा मामा खाटेवर होते. जाऊन दीड दिवस झाला होता.

त्याच संध्याकाळी मी ग्रुप सगळ्यांना खुला केला.

आता ती आजी फिरते. फोटो काढायला मामांचाच मोबाईल तिला द्यायचा ठरलं, म्हणून तो माझ्याकडे आला. जुने फोटो पुसायला बसले. रोजचे अकरा असायला हवे होते. रोजचे बारा होते. बारावं दार त्यांचं स्वतःचं, उघडं. ते त्यांनी कधी कोणाला पाठवलं नव्हतं.