कै. लावलेली फाइल

नागापूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गेटपास छापायची व्यवस्था सरांनी संगणकावर आणली होती. सर म्हणजे माझे वरिष्ठ. नव्वदचं दशक सरत आलं होतं, जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा येणारे आम्ही दोघंच. दिवाळीच्या आधी सर अचानक गेले.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी बसलो. सर्व्हरवर प्रोग्रॅमचे तयार भाग ठेवायच्या, लायब्ररीच्या फोल्डरमध्ये दोन फाइली होत्या. ‘परवाना’ ही सरांनी एकट्याने लिहिलेली, ‘नवा परवाना’ ही तिच्यावरून आम्ही दोघांनी केलेली. जुनीची आता गरज नव्हती, पण काढवेना. आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लिहितात. तसंच मी फाइलीच्या नावाआधी इंग्रजी अक्षरांत ‘कै’ लिहिलं आणि तिला जागेवर राहू दिलं.

दोन दिवसांनी वीज गेली. ती आल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर एकही पास छापेना. पडद्यावर एक फंक्शन सापडत नसल्याची तक्रार. ते तर मी स्वतः लिहिलेलं, नव्या फाइलीत होतं.

गेटवर ट्रक थांबले. रखवालदार आत डोकावला.

“साहेब, तुमच्या मशीनचा बी दहावा घालायचा का?” म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. “चुकलं. बोलाया नको हुतं.”

मॅनेजर म्हणाले, “शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर ते सगळं काढून टाका आणि कार्बनची पुस्तकं आणा. सर होते तोवर ठीक होतं.”

सरांची दोन वर्षांची मेहनत त्या शनिवारवर येऊन ठेपली होती. मी विजेला दोष दिला, जावा पुन्हा टाकली, प्रिंटरची केबलसुद्धा बदलली. वाचायला बसलो की तीच ओळ दोनदा वाचत असे. शुक्रवारी अखेर सर्व्हरला सुरू होताना कोणती फाइल केव्हा उघडतो ते लिहायला लावलं. यादीत पहिलं नाव ‘कै’चं होतं.

आमचा सर्व्हर सुरू होताना फाइली नावांच्या क्रमाने वाचत असे, आणि एकाच नावाचा भाग दोन फाइलींत असला की जो आधी दिसेल तोच धरत असे, दुसरा बघतच नसे. एरवी ‘नवा’मधला एन ‘परवाना’च्या पीआधी यायचा. मी ‘कै’चा के लावला आणि जुनीला पुढे नेऊन बसवलं. तिच्यातल्या त्याच नावाच्या भागात माझं फंक्शन असणार कुठून? वीज जाईपर्यंत जुनाच क्रम चालू होता, म्हणून माझ्या हातून काही झालंय हे ध्यानातच आलं नाही.

फाइल फ्लॉपीवर घेतली. ती उघडते का ते दोनदा पाहिलं. मग फोल्डरमधली काढली.

सर्व्हर सुरू झाला, पास निघाला. डाव्या कोपऱ्यात ट्रकचा नंबर, खाली सहीची जागा; मांडणी सरांचीच.

रखवालदाराने कागद उलटसुलट करून पाहिला.

“ह्यो तर पयल्यावानीच हाय,” तो म्हणाला, आणि ट्रक सोडायला गेला.